न मागता येत गेलेलं : मॉली रसेल प्रकरणाचा अभ्यास

ई-मेलच्या विषयाची ओळ होती, 'तुम्हाला आवडतील अशा नैराश्याच्या १० पिन'. हा मेल पिंटरेस्ट या चित्रं पाहण्याच्या आणि जपून ठेवण्याच्या ॲपकडून लंडनमधल्या एका चौदा वर्षांच्या मुलीला आला होता. तिथल्या चित्रांना 'पिन' म्हणतात. कुणा माणसाने बसून तो लिहिलेला नव्हता. रांगोळ्यांचे नमुने पाहणाऱ्याला 'आणखी रांगोळ्या', केकचे फोटो जपून ठेवणाऱ्याला 'केकचे नवे प्रकार' ज्या साच्यातून जातात, त्याच साच्यातून हा मेल निघाला होता. मुलीने नैराश्याबद्दलची चित्रं पाहिली, त्यातली काही जपून ठेवली. यंत्रणेने ती तिची आवड धरली आणि आवडीचं आणखी आणून दिलं.

मी एका माध्यमिक शाळेत समुपदेशक आहे. दर वर्षी आठवी-नववीच्या पालकसभेत मी ही ओळ मराठीत फळ्यावर लिहिते आणि थोडा वेळ काहीच बोलत नाही. मग ज्या मुलीला तो मेल आला होता, तिची हकीकत सांगते. तीच इथे सविस्तर मांडते आहे. सोशल मीडिया आणि मुलांचं मन या विषयावर आपण बहुतेक वेळा अंदाजाने बोलतो. या प्रकरणात अंदाजावर विसंबावं लागत नाही. तिच्या फोनवर काय आलं आणि किती आलं, हे साक्षीपुराव्यांनिशी झालेल्या सुनावणीत नोंदवलं गेलं आहे.

पुढे स्वतःला इजा करून घेण्याचा आणि एका मुलीच्या मृत्यूचा उल्लेख आहे. ते कसं घडलं याचे तपशील मी मुद्दाम दिलेले नाहीत. वाचताना स्वतःबद्दल किंवा घरातल्या कुणाबद्दल काळजी वाटली, तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.

घरातून काय दिसत होतं

मॉली रसेल तीन बहिणींत धाकटी. आईवडिलांसोबत वायव्य लंडनच्या हॅरो भागात राहायची. भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती असलेला हा भाग. वडील इयन रसेल टीव्हीच्या क्षेत्रात दिग्दर्शक होते. २१ नोव्हेंबर २०१७ च्या सकाळी घरच्यांना कळलं की मॉली गेली. ती चौदा वर्षांची होती.

तिच्या वडिलांनी पुढे सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आदल्या रात्री मॉलीने गृहपाठ पाठवून दिला होता. दुसऱ्या दिवशीच्या शाळेसाठी दप्तर भरून ठेवलं होतं. आपल्याकडे आई-बाबा पोरगं ठीक आहे की नाही हे कशावरून ठरवतात? जेवलं का, अभ्यास झाला का, दप्तर भरलं का. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या रात्री 'हो' अशीच आली असती.

बदल अजिबात दिसला नव्हता असंही नाही. शेवटच्या वर्षभरात ती जरा आत-आत राहायला लागली होती, आपल्या खोलीत जास्त वेळ एकटी असायची. पण घरच्यांमध्ये मिसळतही होती. आई-वडिलांनी वयाच्या चढउतारांवर ते सोडून दिलं. 'वय आहे हो मॅडम, या वयात असंच असतं', हे वाक्य मी इतक्या पालकांच्या तोंडून ऐकलं आहे की रसेल दांपत्याला दोष देण्याचा विचारसुद्धा माझ्या मनात येत नाही. वयात येणारी दहांतली नऊ मुलं खोलीचं दार लावून घेतात. दारामागे काय चाललं आहे, हे दार लावण्यावरून कळत नाही.

मृत्यूनंतर वडिलांनी तिचे मेल आणि अकाउंट पाहायला सुरुवात केली. नैराश्याच्या पिनांची ती ओळ त्यांना तिथेच सापडली. इन्स्टाग्रामवरही तशाच पोस्ट होत्या. जे दिसलं ते पाहून ते हादरले, पण ते तुकडेच होते. सगळं मिळून किती होतं, कुठून आलं आणि कसं वाढत गेलं, हे कंपन्यांच्या संगणकांत होतं, आणि ते बाहेर निघून सुनावणी व्हायला पाच वर्षं जायची होती.

पाच वर्षं

इंग्लंडमध्ये अनैसर्गिक मृत्यूची चौकशी कॉरोनर करतो. आपल्या मुंबईतही एके काळी कॉरोनरचं कोर्ट होतं, जुन्या लोकांना ते आठवत असेल. कॉरोनर कुणाला दोषी ठरवत नाही, शिक्षा देत नाही. मेलं कोण, केव्हा, कुठे आणि कसं, एवढ्याच प्रश्नांची उत्तरं त्याला शोधायची असतात. इथली सगळी झटापट 'कसं' या शब्दापाशी झाली.

जानेवारी २०१९ मध्ये इयन रसेल बीबीसीवर बोलले. आपल्या मुलीच्या मृत्यूला इन्स्टाग्रामचाही हातभार लागला, याबद्दल आपल्या मनात शंका नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. ब्रिटनभर त्याचा गाजावाजा झाला. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी स्वतःला इजा केल्याचे उघड फोटो यापुढे चालणार नाहीत, असं जाहीर केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही बंदी अशा विषयावरच्या चित्रांना आणि मीम्सनाही लागू केली. तोपर्यंत ते चालत होतं, असाच याचा अर्थ.

मॉलीच्या कुटुंबाने तिच्या नावाने संस्था काढली आणि चौकशीचा पाठपुरावा चालू ठेवला. कंपन्यांकडून तिच्या अकाउंटची माहिती मिळवायला वकिलांना खूप झगडावं लागलं. सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर लंडनच्या कॉरोनर कोर्टात सुनावणी सुरू झाली. समोर येणारं साहित्य इतकं त्रासदायक होतं की कॉरोनर अँड्र्यू वॉकर यांनी ते दाखवण्याआधी हजर असलेल्यांना सावध केलं. ज्यांना पाहवणार नाही त्यांनी बाहेर जावं, अशी मुभा दिली. हेच साहित्य मॉलीने एकटीने पाहिलं होतं, आणि तिला सावध करणारं कुणी नव्हतं.

आकडे

शेवटच्या सहा महिन्यांत मॉलीने इन्स्टाग्रामवर जे सेव्ह केलं, लाईक केलं किंवा शेअर केलं, त्या पोस्टची संख्या होती १६,३००. त्यांतल्या २,१०० पोस्ट नैराश्य, स्वतःला इजा किंवा आत्महत्या या विषयांवरच्या होत्या. या सहा महिन्यांत असे फक्त १२ दिवस होते, ज्या दिवशी तिने अशा एकाही पोस्टला हात लावला नाही.

या आकड्यांपाशी जरा थांबते. आपण ते घाईघाईने वाचतो आणि 'बापरे' म्हणून पुढे जातो.

१६,३०० तल्या २,१०० म्हणजे आठांत साधारण एक. याची दुसरी बाजू अशी की आठांतल्या सात पोस्ट साध्या होत्या, कुठल्याही चौदा वर्षांच्या मुलीच्या फोनवर असतात तशा. समजा आई मागून आली असती आणि तिने खांद्यावरून डोकावून पाहिलं असतं. आठांतल्या सात वेळा तिला काहीच वावगं दिसलं नसतं. ती समाधानाने स्वयंपाकघरात परत गेली असती. पालक मला सांगतात, 'आम्ही अधूनमधून फोन बघतो तिचा.' त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण अधूनमधून बघण्याने हाती काय लागतं, ते या एका गुणोत्तरावरून कळतं.

आता तेच २,१०० सहा महिन्यांवर पसरून पाहा. दिवसाला सरासरी अकरा-बारा होतात. सकाळी उठल्यावर दोन, शाळेच्या वाटेवर एक, दुपारी तीन, रात्री अंथरुणात उरलेल्या. आणि या नुसत्या पाहून पुढे सरकवलेल्या पोस्ट नाहीत, तिने ज्यांवर बोट ठेवलं त्या आहेत. प्रत्यक्षात मात्र हे असं समान वाटलेलंही नव्हतं. कधी लाट यायची. एकामागून एक, एकामागून एक, थांबायला जागाच नाही. इन्स्टाग्रामवर तिने पाहिलेल्या अशा विषयांच्या १३८ व्हिडिओंची नोंद झाली, आणि त्यांतले बरेच एका बैठकीत सलग पाहिलेले होते.

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचं मर्म इथे आहे. दुखणं एका पोस्टमध्ये सापडत नाही, ते ओघात असतं. 'मला खूप एकटं वाटतंय' असं लिहिलेलं एखादं चित्र समोर आलं तर कुणाचं काही बिघडत नाही. कदाचित बरंही वाटेल, की असं वाटणारी मी एकटीच नाही. तसलीच दोनशे चित्रं एका रात्रीत समोरून गेली तर ते चित्र राहत नाही, ती हवा होते. त्या हवेतच मूल श्वास घेतं. बाहेर वेगळी हवा आहे, हे त्याला आठवेनासं होतं.

बोलू देणं आणि पोचवणं

इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा, तिच्या वतीने साक्षीला आल्या होत्या एलिझाबेथ लगोन, कंपनीच्या आरोग्यविषयक धोरणाच्या प्रमुख. कुटुंबाचे वकील ऑलिव्हर सँडर्स यांनी त्यांना मॉलीने पाहिलेल्या पोस्ट एकेक करून दाखवल्या आणि विचारलं, हे मुलांसाठी सुरक्षित आहे का? त्यांच्या उत्तराचा रोख असा होता की लोकांना व्यक्त होता येणं सुरक्षित आहे. काही पोस्ट कंपनीच्या तेव्हाच्या नियमांतही बसत नव्हत्या, हे मान्य करून त्याबद्दल त्यांनी माफी मागितली. बाकीच्यांच्या बाबतीत मुद्दा गुंतागुंतीचा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्रासात असलेला माणूस आपलं दुःख मांडतो, ती त्याची मदतीची हाक असू शकते. ती पुसून टाकली तर त्याचंच नुकसान होईल.

हा युक्तिवाद मी सहजासहजी उडवून लावणार नाही, कारण त्यातलं अर्धं खरं मी माझ्या खोलीत रोज बघते. वहीच्या मागच्या पानावर चार ओळी खरडून आणणारी मुलं मला माहीत आहेत. त्या चार ओळी बाहेर आल्या म्हणून पुढचं बोलणं होतं. त्या पानावर कुणी काट मारली तर ते मूल पुन्हा वही उघडणार नाही. ज्याला दुखतंय त्याला 'दुखतंय' म्हणू द्यायला हवं, यात वाद नाही.

पण कोर्टासमोर प्रश्न वेगळा होता. कुणा एकाने आपलं दुःख मांडलं, ही एक कृती. ते मांडलेलं उचलून, मुळातच खचलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलीच्या समोर नेऊन ठेवणं, मग त्याच जातीचं दुसरं, तिसरं, विसावं नेऊन ठेवणं, ही दुसरी कृती. पहिली माणसाची आहे. दुसरी कंपनीची आहे. साक्षीत या दोन कृती एकाच शब्दाखाली झाकल्या जात होत्या. व्यक्त होण्याचं स्वातंत्र्य लिहिणाऱ्याला असतं. मॉलीने तर त्यातलं काही मागवलंही नव्हतं. नियम लिहिणारे एकेक पोस्ट हातात घेऊन ही राहू द्यावी की काढावी, एवढंच बघत होते. मुलीच्या समोर ती पोस्ट कितव्या क्रमांकाला आली, तिच्याआधी काय होतं आणि नंतर काय येणार होतं, हे बघायला त्या नियमांत जागाच नव्हती.

पिंटरेस्टची साक्ष या मानाने सरळ झाली. कंपनीचे अधिकारी जडसन हॉफमन यांच्यासमोर मॉलीचे दोन काळ शेजारी-शेजारी ठेवले गेले. ती नवी-नवी तिथे आली तेव्हा काय पाहत होती आणि शेवटी-शेवटी काय पाहत होती. सुरुवातीला तऱ्हेतऱ्हेच्या विषयांची चित्रं होती. शेवटच्या महिन्यांत विषय आटत-आटत काळोखाकडे गेलेले. ओढ्याला पाट फोडावा आणि सगळं पाणी एकाच वाफ्यात सोडावं, तसं ते दिसतं. मॉली वापरत होती त्या काळात आपलं ठिकाण सुरक्षित नव्हतं, हे हॉफमन यांनी कबूल केलं आणि माफी मागितली. नैराश्याच्या पिनांची ती ई-मेलही त्यांना दाखवली गेली.

सुनावणीतली आणखी एक साक्ष मी सभेत नेहमी सांगते. मुलांच्या मानसिक आरोग्याचे तज्ज्ञ डॉ. नवीन वेणुगोपाल यांना मॉलीने पाहिलेलं साहित्य तपासायला दिलं होतं. ते पाहिल्यानंतर काही आठवडे आपल्याला नीट झोप लागली नाही, असं त्यांनी सांगितलं. हे कोण सांगतंय ते लक्षात घ्या. प्रौढ माणूस, मुलांच्या मनाच्या दुखण्यांवरच काम करणारा डॉक्टर, आपण काय पाहणार आहोत हे आधीपासून माहीत असलेला.

निष्कर्ष

३० सप्टेंबर २०२२ रोजी वॉकर यांनी निष्कर्ष दिला. 'आत्महत्या' एवढ्या एका शब्दावर हे प्रकरण सोडणं योग्य होणार नाही, असं ते म्हणाले. त्यांनी नोंदवलं ते असं : नैराश्याने ग्रासलेली असताना आणि ऑनलाइन साहित्याचे दुष्परिणाम भोगत असताना, स्वतःला केलेल्या इजेमुळे मॉलीचा मृत्यू झाला. त्या साहित्याचा तिच्या मृत्यूतला वाटा 'नगण्याहून जास्त' होता.

वाटा नगण्याहून जास्त. कायद्याच्या मोजक्या भाषेतले शब्द आहेत, आणि ते मला मोलाचे वाटतात. ॲपने मुलीला मारलं, असं त्यात म्हटलेलं नाही. ती आधीच आजारी होती आणि वयाने कोवळी होती, हे त्यात धरलेलं आहे. आजार ॲपने दिला की आजारी होती म्हणून ती तिकडे वळली, हा वाद कॉरोनरने सोडवत बसण्याचं कारण नव्हतं. ती आजारी होती, आणि तशा अवस्थेत तिच्यापुढे हे वाढलं गेलं. तापलेल्या माणसाला उन्हात उभं केलं तर ताप उन्हाने आला का, हा प्रश्न आपण आधी विचारत नाही.

निष्कर्षात आणखी दोन गोष्टी होत्या, ज्यांची बातम्यांत पुरेशी चर्चा झाली नाही. पहिली : यंत्रणेमुळे मॉलीसमोर चित्रांच्या, क्लिपांच्या आणि मजकुराच्या लाटा येत गेल्या आणि त्यातलं काही तिने मागितलेलंही नव्हतं, असं कॉरोनरने स्पष्ट म्हटलं. 'तिनेच शोधलं असणार' असं म्हणून विषय संपवणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

दुसरी गोष्ट मला जास्त घाबरवते. त्या साहित्यातलं काही असं होतं की ते मुलीला एकटं पाडू पाहत होतं, ज्यांच्याकडून मदत मिळाली असती त्यांच्याशी बोलण्यापासूनच तिला मागे खेचत होतं. दुःखाची गोडी लावणं वाईट आहेच. पण 'कुणाला सांगू नकोस, त्यांना नाही कळणार' हे सुंदर अक्षरांत, फुलापानांच्या चौकटीत एखाद्या मुलीला रोज वाचायला मिळालं, तर शेजारच्या खोलीतली आई तिच्यापासून हजार मैलांवर जाते. मॉलीचं घर प्रेमाचं होतं. पाच पावलांवर माणसं होती.

सरासरी आणि एक मूल

मग सोशल मीडियाने सगळीच मुलं बिघडतात का? संशोधक यावर एकमताचे नाहीत. मे २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्यावर सल्ला देणारे सरकारी डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी इशारा दिला, की दिवसाला तीन तासांहून जास्त वेळ सोशल मीडियावर घालवणाऱ्या किशोरांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट दिसतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्याच नॅशनल ॲकॅडमीज या वैज्ञानिकांच्या संस्थेच्या अहवालाने म्हटलं, की सगळ्या किशोरांचा मिळून विचार केला तर सोशल मीडियामुळेच त्यांचं आरोग्य बदललं, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही.

पालकांना हे ऐकून गोंधळायला होतं. मला मात्र यात विसंगती दिसत नाही. सरासरी काढताना एखाद्या मुलीला मैत्रिणी मिळाल्या, एखाद्या मुलाला गिटार शिकता आलं, एखाद्याचा नुसता वेळ गेला आणि एखादी मॉली बुडाली, हे सगळं एकत्र येतं. नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे, हे ऐकून कुणी पोराला पाण्यात सोडत नाही. मॉलीचं प्रकरण सगळ्या मुलांबद्दल काही सिद्ध करत नाही. डोहात पाय गेलेल्या मुलाला ती व्यवस्था बाहेर काढते की आत ओढते, एवढं ते दाखवतं. आणि ते वाचून आपल्याला हातावर हात ठेवून बसता येत नाही.

शिवाय हा 'तीन तास' आपल्या फार डोक्यात बसला आहे. सभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'मॅडम, किती तास चालेल?' तासांचा झोपेशी, डोळ्यांशी, अभ्यासाशी संबंध आहे, तो मी नाकारत नाही. रात्री फोन खोलीबाहेर चार्जिंगला लावा, हे मी सगळ्यांना सांगते, त्याने झोप वाचते. पण मॉलीच्या फोनवरचे तास मोजून तिच्या घरच्यांना काय कळलं असतं? दोन मुली रोज दोन-दोन तास फोनवर असतात. एकीचे दोन तास क्रोशा विणण्यात जातात, दुसरीचे मॉलीसारखे जातात.

नंतर

निष्कर्षानंतर दोन आठवड्यांच्या आत वॉकर यांनी, असे मृत्यू पुढे टळावेत म्हणून, एक अहवाल कंपन्यांना आणि ब्रिटिश सरकारला पाठवला. मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी वेगळे मंच असावेत का, वय तपासावं का, कुणाला काय सुचवलं जातं यावर बंधन हवं का, पालकांना आणि तपास करणाऱ्यांना माहिती कशी मिळावी, असे मुद्दे त्यात होते. ब्रिटनमध्ये ऑनलाइन सुरक्षेचा कायदा आधीपासून रखडला होता. तो २६ ऑक्टोबर २०२३ ला मंजूर झाला, आणि त्यामागच्या रेट्यात मॉलीच्या प्रकरणाचा मोठा भाग होता. मुलांना हानिकारक साहित्य सुचवलं जाऊ नये, ही जबाबदारी २५ जुलै २०२५ पासून कंपन्यांवर प्रत्यक्ष लागू झाली. मुलाचा मृत्यू झाल्यास कॉरोनरला नियामक संस्थेमार्फत कंपनीकडून माहिती मागवण्याची वाटही त्या कायद्याने करून दिली. रसेल कुटुंबाने ज्यासाठी वर्षं घालवली, ती ही वाट.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना मोठ्या मंचांवर अकाउंट ठेवायलाच बंदी केली. इयन रसेल स्वतः अशा सरसकट बंदीच्या बाजूचे नाहीत. मुलांना ठिकाणाबाहेर काढण्यापेक्षा ठिकाण सुधारायला कंपन्यांना भाग पाडा, असं ते म्हणत आले आहेत. मुलगी गमावलेला बाप असं म्हणतो, तेव्हा मी ते लक्ष देऊन ऐकते. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांना मूल धरलं आहे. त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागेल, आणि मुलांच्या वागण्यावर नजर ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना त्यात मनाई आहे. कागदावर हे चांगलं आहे. पण संमती देणारा पालक काय बघून संमती देणार? मुलाने पासवर्ड टाकून दिलेल्या फोनवर 'ओके' दाबणारे बाबा मी पाहिलेले आहेत.

पालकांना मी जे सांगते ते या प्रकरणातूनच आलेलं आहे. 'किती वेळ बघतेस?' याऐवजी 'तुझ्याकडे हल्ली काय-काय येतं, दाखव ना मला' असं विचारा, आणि दाखवल्यावर ओरडू नका. एकदा ओरडलात की ते दार बंद झालं. झोप, भूक, आवडीचे उद्योग, मैत्रिणी, यांतल्या दोन-तीन गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त काळ सुटल्या असतील, तर वयावर सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि मनात मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर बहुतेक मुलांना हायसं वाटतं. कुणीतरी विचारलं म्हणून.

गेल्या महिन्यात नववीतली एक मुलगी माझ्याकडे आली होती. डबा न खाताच परत नेते, म्हणून वर्गशिक्षिकांनी पाठवलेली. फोन आणायला मी मुद्दाम सांगितलं होतं. 'तू सरकव, मी लिहिते' असं ठरलं. मी कोऱ्या कागदावर चार रकाने आखले : गाणी, मैत्रिणी, विनोद, आणि चौथा तिने सांगितलेला, 'वजन'. ती एकेक पोस्ट सरकवायची आणि कुठला रकाना ते सांगायची, मी रेघ मारायची. चार उभ्या, एक आडवी. पहिल्या दहा-बारा पोस्टपर्यंत गाणी पुढे होती. मग तिने 'दिवसभरात मी काय खाते' असा एक व्हिडिओ जरा थांबून पूर्ण पाहिला. त्यानंतर चौथ्या रकान्यात रेघा पडत गेल्या. गाण्यांच्या रकान्यात मग कितीतरी वेळ काहीच पडलं नाही.

चाळीस झाल्यावर आम्ही थांबलो. तिने कागद आपल्याकडे ओढून घेतला, चौथ्या रकान्यातल्या रेघा बोटाने मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"मॅडम, हे मी शोधलं नव्हतं," ती म्हणाली.

मी तिला विचारलं, हा कागद आईला दाखवूया का. तिने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग कागदाची घडी घातली आणि कंपासपेटीत ठेवली. शनिवारी शाळा सुटल्यावर तिची आई येणार आहे. कागद मी काढायचा नाही, ती स्वतः काढणार, असं आमचं ठरलं आहे.